दया कोणी करायची

"देवानं आता दया करावी," आत्या आपल्या भावाच्या, नानांच्या उशाशी बसून म्हणाल्या. नाना अर्धांगानं वर्षभर पडून होते, पण कान शाबूत होते.

येणारा प्रत्येक पाहुणा हेच बोलून, चहा पिऊन जाई. मालनला, नानांच्या सुनेला, आज राहवलं नाही. "दया म्हणजे त्यांनी मरावं, असंच ना आत्या? मग सरळ बोला की."

आत्या चपापल्या. नाना जड जिभेनं बहिणीला म्हणाले, "देवाला... कशाला सांगतेस? तूच... राहा चार दिवस. ही... झोपेल तरी."

मालन तोंड फिरवून उभी राहिली. आत्यांनी घड्याळ पाहिलं, दाराकडं पाहिलं. मग खांद्याची पर्स खुंटीला अडकवून त्या म्हणाल्या, "मालन, दादाचे डायपर कुठं ठेवतेस ते दाखव."