पाहुण्यांचा फ्रीज

भैरवीच्या संशोधनाला सरकारी निधी द्यायचा की नाही, हे ठरवायला मुंबईहून समिती येणार होती. म्हणून प्राचार्यांनी सकाळीच प्रयोगशाळेतला फ्रीज रिकामा करवून त्यात लस्सीचे ग्लास ठेवले. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीला मारणारी बुरशी भैरवीने चार वर्षं कागलच्या रानांतून जमवली होती. तिच्या बाटल्या खिडकीत, उन्हात ठेवल्या होत्या. भैरवी पोचली तेव्हा त्या चांगल्याच तापल्या होत्या.

"सर, मेली की हो सगळी!"

"हळू बोला. पावणं तसंच गेलं तर कोल्हापूरची अब्रू जाईल. आणि बुरशी काय, पावसाळ्यात भिंतीलासुद्धा येते."

समितीने फेटे बांधून घेतले, लस्सी घेतली, फोटो काढले. निघताना अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, निधी मंजूर. उत्तम काम आहे."

"बघितलंत कुठं तुम्ही काम?" भैरवीने फ्रीजचं दार खाडकन उघडलं. "चार वर्षांचं काम इथं होतं. आता काय हाय ते बघा!"

अध्यक्षांनी वाकून आत बघितलं.

"अरे वा, अजून शिल्लक आहे!" म्हणत त्यांनी आणखी एक ग्लास उचलला.