दोन आखूड, एक लांब

क्रेनने रामचंद्रच्या ट्रेलरवरचा कंटेनर उचलला आणि मालगाडीच्या सपाट वाघिणीवर नेऊन ठेवला. पापणी लवते न लवते तोच काम फत्ते! रामचंद्र खाली उभा राहून बघतच राहिला. इतकी वर्षं हेच ओझं त्याने चंडीगडहून मुंबईच्या बंदरापर्यंत लेकरासारखं जपून नेलं होतं. आज चंडीगडच्या वेशीवरच ते हातातून काढून घेतलं.

"काका, तुम्ही मराठी ना?" टर्मिनलवरचा इंजिनिअर प्रणव हेल्मेट सावरत आला. "मी अकोल्याचा. सुटलात बघा तुम्ही! आता कारखाना ते इथपर्यंत, बस. पुढचं रेल्वे बघेल. रोज रात्री घरी जेवायला पक्का!"

घरी म्हणजे चंडीगडलगतच्या मनीमाजऱ्यातली भाड्याची खोली, एक शेगडी आणि एक ताटली. पण पोराला काय बोलणार? बिचारा मनापासून खूश झाला होता.

"साहेब, ही गाडी चांदवडवरून जाते का हो?"

"छे! राजस्थान, गुजरात आणि थेट बंदर. का?"

"काही नाही, सहजच."

सहजच कसलं डोंबलाचं! चांदवडजवळच्या फाट्यावर, अगदी हायवेला लागून रामचंद्रचं घर होतं. त्याच्या म्हाताऱ्या आईला आताशा काही आठवत नव्हतं. थोरल्या सुनेला, सरलाला, ती शेजारीण समजायची. पण फाट्यावर रामचंद्रने हॉर्न दिला, दोन आखूड, एक लांब, की काठी टेकत बाहेर यायची. "माझा रामा आला," म्हणायची आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवायची. मागच्या दिवाळीत तो मिठाईचा पुडा घेऊन रेल्वेने गेला, तर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "पाव्हणं, कुठून आलात?" अख्खी दिवाळी पाहुणाच राहिला तो. पुढच्या फेरीला हॉर्न वाजला तेव्हा कुठे पुन्हा मुलगा झाला.

फोन वाजला. सरलावहिनी होती.

"भाऊजी, निघालात का? आई सकाळपासनं उंबऱ्यात बसल्यात. भाकरीला हात लावीत नाहीत. परवा येताय म्हणून सांगू ना?"

"वहिनी, ती फेरी बंद झाली." रामचंद्र म्हणाला. "माल रेल्वेने चाललाय. मला आता आपल्याकडचा रस्ताच राहिला नाही."

वहिनी फोन घेऊन उंबऱ्याकडे गेली. मग म्हणाली, "माझ्याच्यानं नाही सांगवणार. तुम्हीच बोला बाई." तिने फोन म्हातारीच्या कानाला लावला.

"आई, मी रामा."

"कोण रामा?"

"तुझा रामा गं, आई."

"आमचा रामा गाडीवर असतो," म्हातारी ठसक्यात म्हणाली. "तुम्ही कोण?"

तेवढ्यात गेटवरचा रखवालदार ओरडला, "ओ भाईसाहब, गड्डी हटाओ! पीछे लाइन लगी है!" रामचंद्र केबिनमध्ये चढला. ट्रेलर मागे मोकळा पडलेला, फोन कानाला, आणि फोनमध्ये त्याची आई त्याला ओळखत नव्हती. त्याला ते सोसवेना. त्याने फोन खिडकीबाहेर धरला आणि हॉर्न दाबला. दोन आखूड, एक लांब.

"आला!" म्हातारी किंचाळलीच. "माझा रामा आला! ए बाई, भाकरी टाक!"

"हो गं आई, मीच!" रामचंद्र रडता रडता हसला. "मीच आहे!"

पण ऐकायला तिथे कोणी नव्हतं. फोन कशावर तरी आपटला. काठीची टकटक दूर गेली. "अहो आई, थांबा! कुणी नाही आलं!" वहिनी ओरडत मागे धावली. रामचंद्र हॅलो हॅलो करत राहिला. फोनमधून हायवे ऐकू येत होता. एकेक गाडी येत होती आणि तशीच पुढे जात होती.

बऱ्याच वेळाने वहिनीचा धापा टाकणारा आवाज आला.

"भाऊजी, फाट्यावर उभ्या राहिल्यात. हलायला तयार नाहीत. म्हणतात, गाडी लावायला जागा शोधत असेल, येईल."