मदतीला आलेल्या

डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा दोघी बहिणींकडे वळवला. धाकटीच्या मूत्रपिंडातून सुईनं काढलेला कणभर तुकडा त्यावर ताटाएवढा पसरला होता.

"हे जांभळे ठिपके दिसतात ना, या तुमच्याच रक्षक पेशी. आत इजा झाली म्हणून धावत आल्या. पडझड आवरली की त्यांनी परत फिरायला हवं. पण त्या तिथंच ठाण मांडून बसल्यात. अशा बसल्या की जागेवर व्रण धरतो. व्रण धरला तेवढा भाग कामातून गेला."

थोरलीनं पडद्यावरची नजर धाकटीकडे वळवली. "मग हिचं कसं?"

"वेळेवर आलात. ठिपके पुष्कळ आहेत, व्रण अगदी थोडा. व्रण पुसता येत नाही, पण ठिपके गोळ्यांनी पांगवता येतात. यांचं मूत्रपिंड सावरेल असं मला वाटतं."

धाकटीनं हुश्श केलं. थोरली बाहेर बाकावर येऊन बसली. धाकटीनं अंथरूण धरलं तेव्हा ती दोन दिवसांसाठी म्हणून आली होती, आणि महिनाभरात धाकटीची बेकरी भट्टीपासून गल्ल्यापर्यंत तिच्या हाताखाली गेली होती.

"मी उद्या निघते," ती म्हणाली.

"का गं?"

"मदतीला येऊन ठाण मांडलं की काय होतं, ते आत्ताच ऐकलं."

धाकटी हसता हसता कूस धरून वाकली. "ताई, बाई पेशींबद्दल बोलत होत्या."

"मला काही कळत नाही का? तुझ्या दुकानातली एक वस्तू मी जागेवर ठेवली नाही."

"नाहीच ठेवलीस. माझा झारा अजून सापडलेला नाही." धाकटीनं डोळे पुसले. "पण तू गेलीस तर भट्टीसमोर उभं कोण राहणार? माझ्या पायांत त्राण नाही. राहा तू. फक्त पावात मीठ पूर्वीइतकं घाल. गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करतायत."

"तुला मीठ बंद आहे."

"मला आहे. गावाला नाही."

थोरली उठली. तिनं धाकटीला हात देऊन उभं केलं, पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि औषधाच्या दुकानाकडे चालू लागली.

"बघू," ती म्हणाली. "एक चिमूट वाढवीन."