पिवळ्या पट्ट्या, निळ्या पट्ट्या

वाचनालयाच्या बैठकीत ड्वेन हॅगस्ट्रॉम पुस्तक घेऊन उठला आणि ग्रंथपाल लोरेनची नजर त्या पुस्तकावरच खिळली. पुस्तकाच्या कडेनं रंगीत चिकट पट्ट्या डोकावत होत्या, पिवळ्या आणि निळ्या, चांगल्या गच्च. आता हा एकेक पान उघडून वाचणार आणि आपलं कुमारांच्या पुस्तकांचं कपाट कुलपात जाणार, असं तिला वाटलं.

मागच्या बैठकीत वर्नानं हेच केलं होतं. वर्ना तशी मायाळू. वाचनालयाची विश्वस्त, आणि दर बैठकीला लिंबाच्या वड्या तिच्याच घरून यायच्या. पण त्या दिवशी ती कुमारांच्या कपाटातल्या कादंबऱ्याही घेऊन आली. लाल पट्ट्या लावलेली पानं उघडून तिनं त्यातल्या शिव्या आणि चुंबनं खणखणीत आवाजात वाचून दाखवली. बाकीचे विश्वस्त आपापल्या बुटांकडे बघत बसले. हे कपाट कुलपात ठेवा, पुस्तक हवं त्या पोरानं आईबापांची सही आणावी, अशी तिची सूचना होती. आज त्यावर हात वर व्हायचे होते.

ते कपाट लोरेननं भांडून भांडून भरलेलं. सही मागितली की निम्मी पोरं पुन्हा फिरकणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि ड्वेनला ते पुस्तक दिलं होतं कुणी? तिनंच.

वर्नाच्या वाचनानंतर त्याच आठवड्यात तो आला होता. थंडीत रस्त्यावरचा बर्फ उपसणारी गाडी चालवणारा दांडगा माणूस, बोलायला महाकंजूष. बूट झटकत त्यानं विचारलं, माझी टेसा इथून काय नेते? कोण काय नेतं ते आम्ही कुणालाच सांगत नाही, बापालाही नाही, असं लोरेननं सांगितलं. तो वाद घालेल अशी तिची अपेक्षा होती. पण मग टेसाच्या वयाची पोरं वाचतात तसलं एखादं मला द्या, एवढंच तो म्हणाला. त्यानं तसलं आजवर एकही वाचलेलं नव्हतं.

नवख्याला विचारायचा लोरेनचा प्रश्न ठरलेला असे. शेवटचं काय वाचलं, जे आवडलं? ड्वेननं बराच विचार केला आणि गाडीच्या गिअरबॉक्सचं माहितीपुस्तक, असं प्रामाणिक उत्तर दिलं.

अशा माणसाला पातळ पुस्तक द्यावं, छोट्या प्रकरणांचं, पहिल्याच पानावर काहीतरी घडून गेलेलं. तिच्या हाताशी तशी दोन होती. एकात आजोबा आणि नातू मिळून जुनी होडी दुरुस्त करतात. त्याला कुणीही नावं ठेवली नसती. दुसऱ्यात एका मुलीची आई मरते आणि ती दिसेल त्याला शिव्या देत सुटते. वर्नानं सगळ्यात जास्त लाल पट्ट्या याच पुस्तकाला लावल्या होत्या; लोरेननं त्या नुकत्याच काढून टाकल्या होत्या. हा माणूस वर्नानंच पाठवला असावा, असंही लोरेनच्या मनात येऊन गेलं. पण टेसाची आई गेल्या उन्हाळ्यात वारली, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. लोरेननं मन घट्ट केलं आणि दुसरं पुस्तक त्याच्या हातात दिलं. पुढं त्यानं मुदत वाढवून घेतली, मग पुन्हा वाढवून घेतली, तेव्हा मात्र तिची झोप उडाली. एवढंसं पुस्तक वाचायला कुणाला इतके दिवस लागतात?

"तक्रार आहे का, ड्वेन?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. आणि वाचूनही दाखवणार नाही, ते आमच्या घरातलं आहे," ड्वेन म्हणाला. "मी हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर विसरलो होतो. सकाळी बघतो तर एका पानाला पिवळी पट्टी. वर टेसाचं अक्षर, 'मला पण असंच होतं.' माझ्या गाडीत निळ्या असतात, नकाशाला लावायला. त्यातल्या एकीवर उत्तर लिहून मी ती खाली लावली."

त्याला एका दमात इतकं बोलताना गावानं कधी ऐकलं नव्हतं.

"तिची आई गेल्यापासून आम्ही दोघं जे काही बोललो ते सगळं यात आहे. सही लागली असती तर ती माझ्याकडे मागायला आली असती का? आमचं बोलणंच बंद होतं."

कुलपाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर वर्नाचा हात वर गेला. एकटाच. ती काही मत बदलणारी बाई नव्हती. पण बैठक संपताच तिनं उरलेल्या वड्या रुमालात बांधल्या आणि पोरीला दे म्हणून ड्वेनच्या हातात कोंबल्या. लोरेनचा जीव भांड्यात पडला. ती कपाटापाशी जाऊन उगाचच पुस्तकं सारखी करत राहिली, कारण डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसायला नको होते.

टेसा बाहेर गाडीत बसली होती. ड्वेन तिला निकाल सांगायला गेला आणि पाचेक मिनिटांत परत आला, कानांवर बर्फ घेऊन.

"आता दुसरं द्या," तो म्हणाला. "या वेळी हसवणारं हवंय तिला."

लोरेननं त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पट्ट्या चाळायला लागली. "कुठल्या पानावर लिहिलंय?"

"लिहिलं नाही," ड्वेन म्हणाला. "म्हणाली."