छतातलं झाड

"तो दगड उचलू नकोस, पाठ धरेल. मी बघतो," हॉबर्ट म्हणाला आणि डेल्फाच्या हातातली पहार त्यानं जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"म्हातारी झाले का मी?"

"तू नाहीस, मी झालोय. म्हणून तर पाठीचं कळतं."

ती हसली नाही. बंद पडलेल्या कोळसाखाणीच्या तोंडाशी दगडमातीचा डोंगराएवढा ढीग होता आणि दोघं सकाळपासून त्यावर वाकलेली होती. खाली ओढ्याकाठी पिवळा बुलडोझर येऊन उभा होता. उद्या रविवार. या डोंगरात रविवारी कुणी हातोडा उचलत नाही. सोमवारी उजाडताच तो हा ढीग चिरडून सपाट करणार, वर माती पसरून गवत पेरणार. म्हणजे हाती होता तो आजचा दिवस.

हातोडा बसला की करडा दगड पापुद्र्यांनी सुटायचा आणि आतून नेच्याची पानं निघायची, शिरांसकट. अशा पानांसाठी शहरातले हौशी लोक गाड्या घेऊन यायचे. डेल्फाला पानं नको होती. तिला झाड हवं होतं.

कोळसा होण्याच्या काळातलं एखादं झाड उभ्याउभ्या दगड होतं आणि खाणीच्या छतात अडकून राहतं. खालून फक्त त्याचं गोल बूड दिसतं. कामगार त्याला किटलीबूड म्हणत. भोवती कोळशाची गुळगुळीत साल, त्यामुळे धरून ठेवायला काहीच नाही. आवाज न करता सटकतं आणि खालचा माणूस जागच्या जागी संपतो.

आपला नवरा आर्लिस असाच गेला, असं डेल्फाचं म्हणणं. कंपनीचं म्हणणं वेगळं. पाळी चालू असताना छत कुरकुरायला लागलं, आर्लिसनं कानाडोळा केला, स्वतः मेला आणि सोबत्याचा पाय घालवून बसला. चौकशीत तसंच ठरलं. तेव्हापासून त्या सोबत्याची बायको चर्चमध्ये डेल्फाच्या बाकावर बसत नव्हती. पडलेला सगळा दगड या ढिगावरच ओतला होता. ते किटलीबूड मिळालं असतं तर आर्लिसवरचा डाग पुसला गेला असता. डेल्फाला आयुष्यात आता तेवढंच हवं होतं.

हॉबर्ट आर्लिसचा जिवलग, आणि त्या पाळीवरचा गस्तीचा मुकादम. पाळी सुरू होण्याआधी त्यानं आत जायचं, छत ठोकून बघायचं, बघितल्याची खूण म्हणून आपली आद्याक्षरं रंगवायची. वाईट दगड दिसला तर त्याच्याभोवती पांढरं कडं काढायचं आणि टेकू लागेपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही. आर्लिसच्या शवपेटीला पुढचा खांदा त्यानंच दिला होता. त्यानंतर डेल्फा ढिगावर चढायला लागली, तसा तोही दर शनिवारी यायला लागला. गाव त्याला देवमाणूस म्हणायचं. या देवमाणसाच्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे मात्र गावाला ठाऊक नव्हतं.

दुपारी दोघं ढिगाच्या पायथ्याशी तिच्या घरी गेली. ओसरीवर त्याची नेहमीची खुर्ची होती, शेजारी मेणकापडानं झाकलेली ठेंगणी बैठक. डेल्फानं घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. हॉबर्टला घास जाईना. त्यानं कॉफी घेतली आणि कप बैठकीवर ठेवला.

"त्या सकाळी छत कसं होतं रे?" डेल्फानं विचारलं.

"किती वेळा विचारशील? साफ होतं."

"आज शेवटचं विचारतेय."

"साफ होतं, डेल्फा. माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं मी."

तिनं त्याचा कप उचलला, मेणकापडावर उमटलेलं ओलं वर्तुळ कमरेला बांधलेल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, "चल मग."

दुपारनंतर हॉबर्ट वेड्यासारखा राबला. तिनं बघून टाकलेले दगडही तो पुन्हा उलटून बघत होता. बोटं सोलवटली, रक्त आलं, त्याचं भान नव्हतं. एवढा एक दिवस निभावून ने रे देवा, असं तो मनात घोकत होता आणि दर थोड्या वेळानं सूर्याकडे बघत होता.

ऊन समोरच्या कड्यावर गेलं तेव्हा एक मोठी शिळा पहारीनं उलटली.

बाजूला खवल्याखवल्यांची साल. खाली अर्धगोल, सपाट बूड. आणि बुडाच्या कडेनं पांढऱ्या रंगाचं अर्धं कडं.

ते कडं हॉबर्टनंच काढलं होतं. टेकू लावायचा तर पाळी थांबली असती आणि साहेब कोळशासाठी ओरडत होता. जेवणाच्या सुट्टीत लावू, असं म्हणून त्यानं आर्लिसला आत सोडलं होतं. आद्याक्षरं दुसऱ्या तुकड्यावर राहिली असणार. तो सोमवारी गाडला जाईल.

त्यानं खाली बघितलं. डेल्फाची पाठ होती. त्यानं घण उचलला आणि पांढरा रंग दिसेनासा होईपर्यंत घातला.

"काय होतं रे?" खालून तिचा आवाज आला.

"काही नाही! नेच्याची पानं. चुरा झाला त्यांचा."

ती हळूहळू वर चढून आली. मग वाकून तिनं त्या चुऱ्यातली पांढऱ्या कडेची नखाएवढी एक कपची उचलली, पोटखिशात टाकली.

"आणखी काही सांगायचंय, हॉबर्ट?"

"काय सांगू? आपण जिवाचं रान केलं गं. नाही सापडला दगड." त्यानं घण बाजूला ठेवला. "वाईट नको वाटून घेऊस."

"नाही सापडला कसा?" डेल्फा म्हणाली. "तुझ्या अक्षरांचा, उरलेल्या अर्ध्या कड्याचा तुकडा मला गेल्याच पानगळीत मिळाला. तू स्वतः सांगशील म्हणून थांबले होते. मेणकापडाखाली आहे तो. दर शनिवारी त्याच्यावरच तर कप ठेवतोस तू."