निकासियाच्या अंगणातला ठेका

एवेलियो वळणावरच थांबला. हातानं वाजवायच्या लाकडी पेट्यांचा आवाज निकासियाच्या घरातून येत होता.

तीन पेट्या होत्या. एक खर्जातली, दोन चढ्या. क्युबातल्या या मातान्सासमध्ये भर दुपारी लाकडी पेट्यांवर असा ठेका धरतात तो घरच्या मृताचे आभार मानायला. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो याच गल्लीत वाढला होता.

विमानात त्यानं तीन वाक्यं पाठ केली होती. पहिलं आभाराचं, दुसरं माफीचं, तिसरं पुन्हा आभाराचं. ती आता कुणाला सांगायची?

"आत या ना काका. उन्हात उभं राहून ऐकलं तर पुण्य जास्त मिळत नाही."

दारात पांढऱ्या कपड्यांतली एक तरुण बाई उभी होती.

"माझी या घराशी जुनी ओळख आहे," तो म्हणाला.

"मग तर याच. मी यामिले. निकासियाची नात."

कार्य कुणाचं आहे, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. नाव ऐकलं नाही तोवर आशेला थोडी जागा शिल्लक होती.

"तुला आठवतात का?" त्यानं एवढंच विचारलं.

"छे, मी तर त्यांना पाहिलंही नाही. माझ्या जन्माआधीचीच गोष्ट ती. पण काका, या घराला जे मिळालं ते त्यांच्यामुळे. माझं बाळ सातव्या महिन्यात झालं, मुठीएवढं. डॉक्टरांनी मान हलवली. आम्ही इथे येऊन त्यांना साकडं घातलं. तो बघा, आता कोंबड्यांच्या मागे धावतोय."

यामिले अठ्ठावीस वर्षांची तरी असेल. त्याला देश सोडून एकोणतीस वर्षं झाली होती. म्हणजे निकासिया त्यानंतर वर्षाच्या आतच गेली. स्पेनमधल्या हेरेसमध्ये तो रोज सकाळी डोळ्यांसमोर आणायचा ती म्हातारी, दारात बसून घेवडा निवडणारी, तेव्हाही नव्हतीच.

भिंतीशी टेबल होतं. त्यावर पाण्याचे नऊ पेले, फुलं, एक चिरूट, आणि पाकातल्या रताळ्याच्या फोडी.

"हे त्यांच्या आवडीचं," यामिले म्हणाली.

एवेलियो टेबलाजवळ गेला. ही रताळी निकासिया त्याच्यासाठी करायची. सगळी त्याच्याच ताटात वाढायची. तिलाही ती आवडत असतील, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. शेजारच्या निकासियानं त्याला जेवायला बोलावलं आणि परत पाठवलंच नाही. तिनंच त्याला पेटीवर बसवलं. "सम हातानं द्यायची नसते रे," ती म्हणायची. "ती ऐकणाऱ्याच्या पायाला सोडायची."

बाविसाव्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका पहाटे, तिला न सांगता तो तराफ्यावर चढला. चौथ्या दिवशी एका मालवाहू जहाजानं त्याला उचललं आणि स्पेनमध्ये कादिसच्या धक्क्यावर उतरवलं. सुरुवातीची वर्षं पळून गेलेल्याचं पत्र आलं की घरच्यांना चौकशांचा त्रास होई, म्हणून त्यानं लिहिलं नाही. पुढे त्रास संपला आणि लाज उरली.

"ओ स्पेनवाले!" मोठ्या पेटीवरचा टकला क्रेसेन्सियो ओरडला. "बूट सांगतात कुठून आलात ते. पण बोटांना घट्टे आमच्यासारखे. बसा. का तिकडे नुसत्याच टाळ्या वाजवतात?"

"टाळ्याही वाजवतात. तुमच्या पेटीपेक्षा सुरात."

सगळे हसले. क्रेसेन्सियोनं उठून जागा दिली.

एवेलियोनं आधी इथलाच ठेका धरला. क्लावेच्या दोन काठ्या वाजत होत्या, त्यांना धक्का न लावता त्यानं हळूहळू त्यावर हेरेसच्या बारा मात्रा पसरल्या. दोन्ही ठेके शेजारी शेजारी चालू लागले. तिकडचे जिप्सीही सम मोकळी सोडत. म्हणून तर पहिल्याच दिवशी त्यांनी या अनोळखी काळ्या पोराला आपल्या वर्तुळात बसू दिलं होतं. घर, बायको, पोट, सगळं त्या एका मोकळ्या मात्रेतून आलं होतं. पाठ केलेली तीन वाक्यं त्यानं पेटीवर सांगितली. तिसरं दोनदा सांगितलं.

तो थांबला तेव्हा गाल ओले होते. कुणी हसलं नाही.

"हे आपलंच आहे," क्रेसेन्सियो हळू आवाजात म्हणाला, "पण परक्या बोलीत बोलतंय. कुणी शिकवलं?"

"याच घरानं."

"मग पोचलं बघा तुमचं. मेलेल्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात."

एवेलियोला हलकं वाटलं. उशिरा का होईना, कर्तव्य पार पडलं होतं.

यामिलेनं टाळी वाजवली. "उठा सगळे. आता नाव घेऊन आभार मानायचे."

आतल्या खोलीचा पडदा सरकला. दोन बायकांच्या आधारानं एक अतिवृद्ध बाई बाहेर आली. पाठ वाकलेली, दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची दुधाळ साय. एवेलियोनं पेटीची कड घट्ट धरली. त्या हनुवटीवरचा तीळ त्यानं नऊ वर्षांचा असल्यापासून पाहिला होता.

निकासियानं चाचपत पेल्यात बोटं बुडवली, पाणी चारी दिशांना शिंपडलं आणि चेहरा वर केला.

"एवेलियो, माझ्या लेकरा," ती म्हणाली, "एकोणतीस वर्षं समुद्राच्या तळाशी राहून तू हे घर सांभाळलंस. तुझे उपकार मी कसे फेडू रे?"