जास्तीची माणसं

"जास्तीचे मागच्या दाराने पळा! पुरवठा खात्याचा साहेब आला!" माझे वडील, बापू, ओरडले आणि माझ्या लग्नाची भरली पंगत उठली.

दुष्काळाची सालं होती. सरकारी हुकमापेक्षा जास्त माणसं लग्नात जेवली तर मुलीच्या बापाला धरायचे. खोटं वाटतं ना? माझा जाडा मामा तर हातातल्या भातासकट विहिरीवरून उडी मारून गेला, शीतही सांडलं नाही. आता बोला!

मी पहाटेपासून उपाशी. उखाणा घोकून, ह्यांना भरवायची जिलबी हातात धरून बसलेली. वळून बघते तर शेजारचा पाट रिकामा! आपल्याच लग्नातून नवरदेव पळाले होते.

साहेबाने उरलेली माणसं मोजली. "बरोबर आहेत. पण नवरा मुलगा कुठाय?"

"सापडला तर मलाही सांगा," मी चिडून म्हटलं.

साहेबाची जीप गेल्यावर गोठ्याच्या दारातून मुंडावळ्या डोकावल्या. ह्यांचं माझ्याशी जन्मातलं पहिलं वाक्य, "गेला का गं तो?"

"नाही, अजून मोजतोय," म्हटलं मी. हातातली जिलबी खाल्ली, आणि मग ह्यांच्या पानातलीही.